‘वायुवेग’वर दूध उतू गेलं

“काका, ही बोट कधी हलते का हो?”

प्रश्न खरं तर माझा नव्हता. तो शिफाच्या डोक्यातून निघाला होता आणि पैज गार्गीने लावली होती. “विचारलंस तर पुढचं अख्खं वर्ष तुझं दप्तर मी वाहीन. नाही विचारलंस तर तू पावटा.” पावटा व्हायला माझी फारशी हरकत नव्हती, पण दोन दप्तरं घेऊन शाळेचा चढ चढणारी गार्गी मला बघायची होती. म्हणून सिंधुगर्जना नौकाविहार मंडळाच्या वार्षिक सभेत, पेढे वाटले जात असताना, मी हात वर केला आणि विचारून टाकलं.

सभा बोटीवरच भरली होती. तिचं नाव ‘वायुवेग’. मिऱ्या बंदराच्या धक्क्याला ती चारी बाजूंनी जाडजूड दोरांनी अशी करकचून बांधलेली असायची, की बघणाऱ्याला वाटावं, सोडली तर ही थेट आफ्रिका गाठेल. तिच्या बुडाला इतकी कालवं चिकटली होती की गावातले लोक ओहोटीला ती काढायला यायचे. डोलकाठीच्या टोकावर कावळ्याचं घरटं होतं. शीड चढवलं तर घरटं पडेल, म्हणून मंडळाने पक्षिसंवर्धनाचा ठराव केला होता आणि शीड केबिनमध्ये घडी घालून त्यावर सतरंजी अंथरली होती. सभासद त्या सतरंजीवर बसून समुद्राबद्दल बोलायचे.

माझे पप्पा, मंडळात ‘किर’, तिथले सहचिटणीस. म्हणजे खुर्च्या लावणारे. माझा प्रश्न ऐकून त्यांच्या तोंडातला पेढा तिथेच थांबला.

मंडळाचे अध्यक्ष होते खेडेकर काका. त्यांना अध्यक्ष म्हटलेलं चालत नसे, कमोडोर म्हणायचं. ते सरकारी नोकरीतून निवृत्त झाले होते. कुठल्या खात्यातून, ते विचारायची पैज अजून कुणी लावली नव्हती. पांढरी टोपी, त्यावर सोनेरी नांगर. ते माझ्याकडे बघून हसले. हेडमास्तर शाळा तपासायला आलेल्या साहेबासमोर हसतात तसे, फक्त दात.

“बाळ,” ते म्हणाले, “चालवतात ती होडी. बोट सांभाळायची असते.”

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पप्पांनी सर्वांत जोरात.

तेवढ्यात धक्क्यावरून शिफा ओरडली, “मग पाळण्यात घाला की हो तिला!”

टाळ्या बंद पडल्या. धक्क्यावर जाळी विणत बसलेले लोक खो-खो हसायला लागले आणि कमोडोरांचे कान लाल झाले. अपमान झाला की मोठी माणसं एकदम कामाला लागतात, हे मला त्या दिवशी कळलं. त्यांनी उभं राहून तिथल्या तिथे जाहीर केलं, “अक्षय्य तृतीयेला ‘वायुवेग’चा प्रस्थान-समारंभ! आणि त्यानंतरच्या रविवारी जयगडची सफर! शीड लावून!”

“अनुमोदन!” पप्पा म्हणाले. काय ते त्यांना नंतर कळलं.

“मी पण येणार,” मी म्हटलं.

हे मात्र कुणी पैज लावून म्हणायला लावलं नव्हतं. त्याआधीच्या थंडीत आमच्या किनाऱ्यावर शर्यतीच्या होड्या आल्या होत्या. त्यातल्या एका होडीत माझ्याच वयाची मुलगी होती. होडी कलली होती आणि ती अर्धीअधिक बाहेर, पाण्यावर आडवी लटकलेली. शिडाची दोरी दोन्ही हातांत, केस तोंडावर, आणि कुणीतरी गुदगुल्या कराव्यात तशी हसत होती. तेव्हापासून मला ती दोरी हवी होती. मोबाईल नको, सायकल नको. दोरी.

“मुलींना नेणं म्हणजे जबाबदारी,” कमोडोर म्हणाले. “आणि बोटीवर जो येतो त्याला काम लागतं.”

“दोरी ओढीन.”

“दोरी ओढायला माणसं आहेत.” ‘माणसं’ या शब्दावर ते जरा थांबले. मग त्यांच्या डोळ्यांत काहीतरी चमकलं. “चहाचं काय? समुद्रात चहा लागतो. खाली केबिनमध्ये स्टोव्ह आहे. तो चालू करून दाखव. चहाखातं तुझं. मग ये खुशाल!”

यावर मघापेक्षा जोरात टाळ्या पडल्या. कारण तो स्टोव्ह बोटीइतकाच हलत नव्हता, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

*

ही बोट मंडळाने एका डच जोडप्याकडून घेतली होती. जोडपं विमानाने घरी गेलं, स्टोव्ह मागे राहिला. एका बर्नरचा, पितळी टाकीचा, बाजूला छोटा पंप, खाली पसरट ट्रे. हिरवा गंज इतका, की टाकीवर शेवाळ उगवलंय असं वाटावं. रॉकेलवर नाही, स्पिरिटवर चालणारा.

तो मी पोत्यात गुंडाळून घरी आणला. पप्पांनी बाह्या सरसावल्या. आमचं भांड्यांचं दुकान. आजोबांच्या काळात तिथे रॉकेलचे स्टोव्ह विकायचे, दुरुस्तही व्हायचे. त्यामुळे स्टोव्ह या विषयावर आमच्या घरात शेवटचा शब्द पप्पांचा.

“यात काय आहे? पंप मारायचा, पिन मारायची, काकडा लावायचा. भडकला तर समजायचं चालू झाला.”

“पप्पा, हे स्पिरिट आहे.”

“आग ती आग. तिला काय जात असते?”

आई दुकानाचा हिशेब करता करता म्हणाली, “तुमच्या भडकलेल्या स्टोव्हने माझी लग्नातली पैठणी गेली.”

“ती एकदाच,” पप्पा म्हणाले.

“लग्नही एकदाच झालं,” आई म्हणाली.

मी दुसऱ्या दिवशी स्टोव्ह घेऊन मोने मॅडमकडे गेले. मोने मॅडम आम्हाला विज्ञान शिकवायच्या. परीक्षा संपली होती आणि प्रयोगशाळेत त्या एकट्याच बाटल्यांना लेबलं लावत बसल्या होत्या. त्यांनी स्टोव्हकडे असं पाहिलं, जसं आमच्यापैकी कुणाच्याही उत्तरपत्रिकेकडे कधी पाहिलं नव्हतं.

“अगं शाल्मली, हा तर राजा आहे! कुणी केलं याचं असं?”

“मंडळाने.”

“हं,” मॅडम म्हणाल्या. त्या हुंकारात मंडळाचा पूर्ण इतिहास आला.

पुढचे काही आठवडे मी रोज तिथे. चिंच आणि राखेने टाकी घासली, आणि गंजाखालून असं पिवळंधमक पितळ निघालं की मी त्यात तोंड बघून दात घासल्यासारखं केलं. पंपाचं चामड्याचं वायसर वाळून बिस्कीट झालं होतं; दुकानातल्या जुन्या डब्यात तसंच एक सापडलं, ते तेलात भिजत टाकलं. बर्नरच्या तोंडातला कचरा बारीक तारेने काढला. मग टाकीत स्पिरिट न घालता नुसती हवा भरली आणि प्रत्येक सांध्यावर साबणाचा फेस लावला. एका सांध्यावर बुडबुडा आला. मी म्हटलं, “एवढासाच तर आहे.”

“एवढासाच बुडबुडा, एवढीशीच आग, एवढीशीच शाल्मली,” मॅडम म्हणाल्या. “सांधा उघड.”

बुडबुडे पूर्ण थांबल्यावरच स्पिरिट आलं. स्पिरिटबरोबर नियम आले. केस बांधायचे. नायलॉनची ओढणी घरी ठेवायची. टाकी थंड असतानाच भरायची, आणि भरून झालं की बाटलीला बूच लावून ती दूर न्यायची. आधी वाटीत जरासं स्पिरिट जाळून बर्नर नीट तापवायचा; मगच चावी उघडायची. बर्नर तापला असेल तर स्पिरिटची वाफ होते आणि शिस्तीत जळते. थंड असेल तर स्पिरिट तसंच पाण्यासारखं बाहेर येतं आणि ट्रेमध्ये साचतं. मग पेटतं ते स्टोव्ह नव्हे, तळं.

“आणि आता सगळ्यात महत्त्वाचं,” मॅडम म्हणाल्या. त्यांनी खिडकीत, भर उन्हात, एक बशी ठेवली. “यात काय आहे?”

“काही नाही.”

“हात वर धर. लांबून.”

मी हात धरला आणि किंचाळून मागे घेतला. बशी पेटलेली होती. खरोखर पेटलेली! आणि मला काही म्हणजे काही दिसत नव्हतं.

“उन्हात स्पिरिटची ज्योत दिसत नाही,” मॅडम म्हणाल्या. “ही आग भुतासारखी असते. ‘विझली’ असं म्हणून तिच्यावर बाटली ओततात माणसं, आणि ज्योत बाटलीत चढते. मग बाटली फुटते आणि पेपरात फोटो येतो.”

“मग ओळखायची कशी?”

त्यांनी डब्यातून चिमूटभर मीठ घेऊन बशीत टाकलं. फक्कन पिवळीजर्द ज्योत उभी राहिली, जणू इतका वेळ ती तिथे बसून आमची गंमत बघत होती. मी टाळ्या पिटल्या. मॅडमनी बशीवर झाकण ठेवलं आणि भूत गेलं.

परीक्षेचा निकाल लागला त्याच दिवशी स्टोव्हचाही लागला. निळी, गोल, फुसफुसणारी ज्योत. त्यावर केलेला पहिला चहा मॅडम, मी, शिफा आणि गार्गी अशा चौघींनी बीकरमधून प्यायला. त्याला साबणाचा वास होता. इतका चांगला चहा मी पुन्हा प्यायले नाही.

*

अक्षय्य तृतीयेला धक्का सजला. तोरणं, पताका, लाउडस्पीकर. ‘वायुवेग’च्या मागच्या उघड्या भागावर झालर लावलेलं कापडी छत बांधलं होतं. कावळ्याचं घरटं मात्र तसंच होतं, फक्त त्याखाली झेंडा आला होता.

माझा स्टोव्ह खाली केबिनमध्ये, त्याच्या मूळ जागी बसवलेला होता. बोट कलली तरी तो सरळ राहावा अशी झुलती बैठक होती त्याची. बाजूला वाळूची बादली, पाण्याची बादली, ओलं पोतं, आणि स्टोव्ह आख्खा झाकेल अशी दुकानातली एक मोठी परात. मी केस बांधून, सुती कुडता घालून सज्ज.

“हे काय?” कमोडोर खाली डोकावले. “इथे अंधार आहे. फोटो कसा येईल? किर, स्टोव्ह वर घ्या!”

“काका, वर वारा आहे, ऊन आहे...”

“कमोडोर,” पप्पांनी मला हळूच दुरुस्त केलं आणि स्टोव्ह उचलला.

वर टेबलावर स्टोव्ह ठेवला गेला. बादल्या, पोतं आणि परात मी मागोमाग वर आणली. त्याला हळदकुंकू लागलं. मग कुणीतरी झेंडूची माळ घातली. मी ती काढली. पुन्हा घातली गेली. मी पुन्हा काढली. तिसऱ्यांदा खेडेकर काकूंनी स्वतः घातली आणि माझ्याकडे असं बघितलं की मी हात मागे घेतला.

आणि मग काकूंनी पिशवीतून दुधाचं पातेलं काढलं. छोटंसं, काठापर्यंत भरलेलं.

“काकू, चहासाठी एवढं दूध...”

“चहा कसला गो? नवी चूल आहे. आधी दूध उतू जायला नको? उतू गेलं की भरभराट. घर घेतलं तेव्हा केलं, लेकाचं दुकान काढलं तेव्हा केलं.”

“काकू, यावर दूध उतू जाऊ द्यायचं नाही. बर्नर विझेल, थंड होईल, आणि स्पिरिट तसंच खाली...”

“ऐकलंत का?” काकू सगळ्यांना म्हणाल्या. “चूल म्हणे विझेल. शुभ बोल गो बाय, शुभ बोल!”

“शाल्मे,” पप्पा दातांतून म्हणाले, “आजच्या दिवस गप्प बस. जयगडला जायचंय ना तुला?”

जायचं होतं. इतकं जायचं होतं की मी गप्प बसले.

काडी ओढायचा मान कमोडोरांचा होता. त्यांनी वाटीतलं स्पिरिट पेटवलं, टाळ्या झाल्या, आणि ते लगेच चावी फिरवायला गेले. मी त्यांचा हात धरला. खरंच धरला, मनगटाला. “अजून तापला नाही,” मी म्हटलं. कमोडोरांना बहुधा नोकरीत कुणी मनगटाला धरलं नसावं. ते चकित होऊन थांबले. वाटी जळत आली तशी मी स्वतः चावी उघडली. फुस्स करत बर्नर पेटला. उन्हात दिसत नव्हता, पण आवाज सुरेख होता.

पातेलं चढलं. वीसेक माणसं एका छोट्या पातेल्याकडे डोळे लावून उभी. फोटोवाला गुडघ्यावर. कमोडोरांनी तेवढ्या वेळात भाषण उरकून घेतलं: दर्यावर्दी परंपरा, आपले पूर्वज, सातासमुद्रापार. ते बोलत असताना दोन बोटी पलीकडून एक होडी सुटली, तिच्या लाटेने ‘वायुवेग’ जराशी डोलली, तर त्यांनी घाईने खांब पकडला.

“आलं! आलं!” काकू ओरडल्या.

दूध वर आलं, थरथरलं आणि चारी बाजूंनी घळाघळा खाली गेलं. मोठ्ठा चर्र आवाज. वाफ. टाळ्या, शंख, “वायुवेग की जय!”

फुसफुस थांबली.

“विझला वाटतं,” कुणीतरी म्हणालं.

“काही हरकत नाही,” कमोडोर म्हणाले. “शकुन झाला. फोटो नीट आला नाही, पुन्हा एकदा पेटवू. किर, बाटली आणा.”

बाटली मी खाली केबिनमध्ये, बूच घट्ट लावून, लांब ठेवली होती. पप्पा टुणकन उतरले आणि ती घेऊन वर आले. येता येता त्यांनी बूच काढलंसुद्धा. दुकानदारांचा हात फार चपळ असतो.

मी चावीकडे हात नेला आणि थबकले. स्टोव्हवरच्या झेंडूच्या माळेतलं एक फूल आपोआप काळं पडत होतं. कुणी हात लावला नव्हता, ज्योत नव्हती, धूर नव्हता. पाकळ्या एकेक करून आखडत होत्या. आणि स्टोव्हच्या पलीकडे काकूंच्या साडीचे काठ पाण्यातून बघावेत तसे थरथरत होते.

बर्नर विझला होता. पण चावी उघडी होती, आणि एका बाजूला कुठेतरी ज्योत तगून खाली ट्रेमध्ये उतरली होती. थंड बर्नरमधून स्पिरिट तिच्यात ठिबकत होतं. तळं पेटलं होतं.

“पप्पा, ओतू नका! पेटलेलाच आहे तो!”

सगळ्यांनी स्टोव्हकडे पाहिलं. लखलखीत पितळ, दुधाचे ओघळ, स्वच्छ ऊन.

“कुठे आहे?” कमोडोर म्हणाले. “काय दिसतंय कुणाला?”

कुणाला काही दिसत नव्हतं.

“ट्रेमध्ये! खरंच! उन्हात दिसत नाही!”

“अस्सं,” कमोडोर म्हणाले. “न दिसणारी आग.” लोक हसले. “किर, ओता. मुहूर्त टळतोय.”

पप्पा उभे होते. हातात उघडी बाटली. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा कमोडोरांकडे. त्यांच्या चेहऱ्यावर मला स्पष्ट दिसलं की त्यांचा माझ्यावर अर्धा विश्वास बसलाय. पण उरलेला अर्धा सहचिटणीस होता.

“साहेब,” ते म्हणाले, “मुलगी म्हणतेय तर जरा...”

“ओता, किर!”

बाटली तिरकी झाली.

धक्क्याच्या काठावर शिफा आणि गार्गी पाय सोडून कैऱ्या खात बसल्या होत्या. शिफाच्या मांडीवर तिखटमिठाची पुडी उघडी होती.

“शिफा! पुडी!”

शिफाने का, कशाला असं काहीही विचारलं नाही. पुडीचं तोंड मुरगाळून फेकली. मी झेलली, उघडली आणि सगळी ट्रेमध्ये भिरकावली.

फक्क!

पिवळी आग ट्रेच्या काठोकाठ उभी राहिली. झेंडूच्या माळेला लपेटून, पातेल्याच्या बुडाला चाटत, छताच्या झालरीकडे जीभ काढून. पप्पांच्या बाटलीपासून वीतभर लांब. ती तिथे आत्ता आली नव्हती, आधीपासूनच होती, हे कमोडोरांनासुद्धा समजलं असावं; कारण त्यांचं तोंड उघडं राहिलं.

आणि त्या उघड्या तोंडात जळत्या तिखटाचा खाट गेला.

मीठ आगीला रंग देतं, हे मला मॅडमनी शिकवलं होतं. मिरची काय करते ते अभ्यासक्रमात नव्हतं. क्षणात सिंधुगर्जना नौकाविहार मंडळ एका सुरात खोकायला लागलं. कमोडोर, काकू, खजिनदार, फोटोवाला, शंखवाला. डोळ्यांतून धारा, नाकातून धारा. जो तो धक्क्याकडे धावला. ज्यांनी आयुष्यात बोटीचा दोर सोडला नव्हता त्यांनी एका उडीत बोट सोडली. भाषणातल्या पूर्वजांनाही अशी उडी जमली नसती.

फक्त पप्पा जागच्या जागी उभे होते. बाटली हातात, डोळे मिटलेले, ठसके देत.

“पप्पा! बूच लावा!”

त्यांनी बूच लावलं. कमोडोर कुठे आहेत ते बघितलं नाही. पहिल्यांदाच.

“आता बाटली घेऊन धक्क्यावर जा. मागे नका बघू.”

ते गेले. मी ओलं पोतं हाताला गुंडाळून चावी बंद केली. झालर ओढून खाली पाडली. पातेलं बाजूला ढकललं, परात उचलून स्टोव्हवर पालथी घातली आणि तिच्या कडेने पोतं दाबलं. माझे डोळे इतके झोंबत होते की मी परातीला “बस, बस, बस” म्हणत होते, कुत्र्याला म्हणतात तसं. ती बसली. थोड्या वेळाने परातीखालून धूर यायचा थांबला. मग मी पाण्याची बादली आणून सगळ्यावर उपडी केली, आणि आणखी एक, आणि आणखी एक. दुधाचं पातेलं वाहून समुद्रात गेलं. भरभराट.

धक्क्यावर नुसते खोकले.

गार्गी म्हणाली, “शाल्मे, तुझ्या भुवया आहेत अजून.”

*

दुसऱ्या दिवशीच्या स्थानिक पेपरात ‘प्रस्थान-समारंभ उत्साहात’ अशी बातमी आली. ‘मान्यवर भारावून गेले, अनेकांना अश्रू अनावर झाले,’ असंही होतं. फोटोत कमोडोर हवेत होते. खाली लिहिलं होतं, ‘चपळाईने धक्क्यावर उतरताना.’

संध्याकाळी कमोडोरांचा फोन आला. पप्पा उभं राहून बोलले. बराच वेळ नुसतं “हो साहेब, हो साहेब.” फोन ठेवला आणि माझ्यासमोर येऊन बसले. आई दाराशी उभी राहिली.

“मोठ्या मनाचे आहेत गं साहेब,” पप्पा म्हणाले. घसा अजून बसलेला होता. “ते म्हणतात, झालं ते झालं. मान्यवरांच्या डोळ्यांत तिखट गेलं, त्याबद्दल तू उद्या सभेत माफी मागायची. बस. मग रविवारी जयगडला तू नक्की. चहाखातं तुझंच. म्हणाले, तो स्टोव्ह तुझ्याशिवाय कुणाचं ऐकत नाही.”

“आणि दूध?” आईने विचारलं.

“त्याबद्दल काही बोलले नाहीत.”

“आणि तुम्हाला ओता, ओता म्हणाले ते?”

पप्पा स्वतःच्या तळहाताकडे बघत म्हणाले, “माझ्या हातात बाटली होती गं.” एवढंच. मग घसा खाकरून पुन्हा सहचिटणीस झाले. “पण माफी मागायला काय जातं? दोन शब्द. तुला बोटीवर जायचंय की नाही?”

“तुला हवं ते कर,” आई म्हणाली. “पण आत्ता सांग. मला कुकर लावायचाय.”

मी तेव्हा आठवी पास झाले होते. आता दहावीत आहे आणि मला बोलताना कुणी थांबवू शकत नाही असं घरात म्हणतात. पण तोपर्यंत आईपप्पांसमोर मी कधी काही ठरवून सांगितलं नव्हतं. मागितलं होतं, रडले होते, रुसले होते. सांगितलं नव्हतं. रविवारची बोट मला डोळ्यांसमोर दिसत होती, शीड चढलेली, कललेली. चहाचा ट्रे घेऊन खाली केबिनमध्ये बसलेली मीही दिसत होते. तिथून समुद्र दिसत नाही.

मी उभी राहिले.

“मी सभेत येणार. डोळ्यांत तिखट गेलं त्याची माफी मागणार. आग दाखवली त्याची मागणार नाही. स्टोव्ह ज्याला शिकायचाय त्याने मोने मॅडमच्या प्रयोगशाळेत यावं. मी शिकवीन, पहिला नंबर तुमचा, पप्पा. पण चहाखातं मी सोडलंय. रविवारी शिडाची दोरी माझ्या हातात देणार असतील तर मी बोटीवर येईन. नाहीतर धक्क्यावर उभी राहून टाटा करीन. आणि काही झालं तरी कमोडोरांना सांगा, या वेळी चहा थर्मासमधून न्या.”